गच्चीच्या दाराचं कुलूप

नोएडातल्या त्या इमारतीत गच्चीच्या दाराला एक कुलूप होतं. १६ मे २००८ च्या सकाळी खालच्या फ्लॅटमध्ये तेरा वर्षांची एक मुलगी तिच्या खोलीत मृत सापडली. घरात राहून काम करणारा, मूळचा नेपाळचा, ४५ वर्षांचा माणूस मात्र कुठे दिसत नव्हता. पोलीस आले, शेजारी आले, नातलग आले, कॅमेरे आले. एवढ्या सगळ्यांनी मिळून सकाळच्या सकाळी एक अंदाज बांधला: नोकर खून करून पळाला. त्याच्यावर वीस हजारांचं बक्षीस जाहीर झालं. कुलपापाशी रक्तासारखे डाग दिसल्याचं पुढे साक्षीदारांनी सांगितलं, पण किल्ली मिळत नव्हती आणि त्या दिवशी ते कुलूप कुणी फोडलं नाही. दुसऱ्या दिवशी, १७ मेच्या सकाळी ते फोडलं तेव्हा तो माणूस गच्चीवरच सापडला. तोही मारला गेला होता.

म्हणजे साधारण अठ्ठावीस तास एक मेलेला माणूस फरार आरोपी होता.

त्या दोघांची नावं मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती माहीत आहेत, आणि गेली कित्येक वर्षं ती इतक्या तोंडांतून गेली आहेत की आणखी एकदा घेण्याची गरज नाही. मला बोलायचंय ते अंदाजाबद्दल. गावात, सोसायटीत, शहराच्या एखाद्या वस्तीत एका घरात दोन खून होतात आणि पुढच्या तासाभरात मोबाईलवर तर्कांचा पाऊस पडतो. ‘घरातलंच कुणीतरी’, ‘मालमत्तेचं असणार’, ‘सून कशी वागायची ते बघा’. त्या तर्कांना आपण रिकाम्या वेळच्या गप्पा समजतो. पण नोएडात अंदाजामुळे एक दार बंद राहिलं. अंदाज आधी झाला आणि शोध त्याच्या मागून निघाला, म्हणून गच्ची बघायची राहून गेली.

एक दिवस उशीर झाल्याने काय बिघडतं, ते आधी पाहू. मृत्यूची वेळ सांगताना डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी बघतात. शरीर किती गार पडलंय, स्नायू किती ताठरलेत, आणि रक्त खालच्या बाजूला उतरून त्वचेवर जांभळट डाग कितपत बसलेत. ताठरता पापण्यांपासून, जबड्यापासून सुरू होते, बारा तासांच्या आसपास सर्वांगात भरते आणि मग त्याच क्रमाने ओसरते. उत्तर भारतात हिवाळ्यात ती २४ ते ४८ तास टिकते, उन्हाळ्यात १८ ते ३६ तासच. डाग सुरुवातीला शरीर हलवलं तर जागा बदलतात. सहा ते बारा तासांनी पक्के बसतात. म्हणून पाठीवर झोपवलेल्या देहाच्या पोटाकडच्या बाजूला पक्के डाग असतील, तर तो देह मागाहून उलटवला गेला असं ठरतं. ही सगळी घड्याळं तापमानावर चालतात. मे महिन्यात गच्चीवरच्या काँक्रीटवर पडलेला देह आणि खोलीत पलंगावर असलेला देह, दोघांचा मृत्यू एकाच तासात झाला असला, तरी चोवीस तासांनी ती घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात. खोलीतला देह पहिल्याच दिवशी दुपारी शवविच्छेदनाच्या टेबलावर गेला. गच्चीवरचा देह सापडला तेव्हा कुजायला लागला होता. आधी कोण मेलं, की दोघं एकदमच, हा त्या खटल्यातला कळीचा प्रश्न होता. त्याचं उत्तर देऊ शकणारी खूण त्या उन्हात विरून गेली. ती पुन्हा मिळवायचा कुठलाही मार्ग नसतो.

पोटातल्या अन्नावरून वेळ काढतात, असं लोकांना वाटतं. त्यात तासांची चूक सहज होते. भीती, मार, औषध, मद्य, कशानेही पचन थांबतं. ‘रात्री दहाला जेवले, अन्न अर्धं पचलेलं, म्हणजे बाराला मारलं’ अशी गणितं मोबाईलवर आत्मविश्वासाने मांडली जातात. शवागारात काम केलेला कुणीही ती मांडणार नाही.

घराचा उंबरा ओलांडायच्या आधी काय करायचं असतं, याची कार्यपद्धती तशी जुनी आणि साधी आहे. पहिला पोलीस पोहोचला की जिवंत कुणी आहे का ते बघायचं आणि मग सगळ्यांना बाहेर काढायचं. नातलगांनाही. बाहेर दोरी, आत जायची-यायची एकच वाट, आणि दाराशी एक नोंदवही: कोण आत गेलं, किती वाजता, कशासाठी, कधी बाहेर आलं. मग फोटो. आधी खोलीचे चारही कोपऱ्यांतून, मग मधल्या अंतरावरून, मग प्रत्येक वस्तू जवळून, शेजारी मापपट्टी ठेवून. मग नकाशा. प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या ठिकाणांपासून मोजायचं, म्हणजे दाराची चौकट आणि खिडकीचा कोपरा, कारण पलंग आणि खुर्ची उद्या हलतील, चौकट हलणार नाही. हे सगळं झाल्यावर मगच कशाला हात लावायचा.

शोधाची हद्दही तेव्हाच ठरवायची असते, आणि ती मोठी ठरवायची. देह जिथे आहे ती खोली म्हणजे घटनास्थळ नव्हे. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, कचऱ्याचा डबा, मोरी, वाहनतळ, शेजारची मोकळी जागा, सगळं आत धरायचं. हद्द नंतर कमी करता येते, वाढवता येत नाही, कारण तोवर बाहेरच्या भागातून शंभर माणसं फिरून गेलेली असतात. नोएडात तो फ्लॅट त्या सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जवळजवळ उघडाच होता. वरच्या मजल्यावर मात्र कुलूप.

रक्ताचा डाग उचलायचा तर तो कापसाच्या बोळ्यावर घ्यायचा. वाळलेला असेल तर बोळ्याला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचा थेंब लावायचा. बोळा सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा आणि कागदाच्या पाकिटात घालायचा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, कारण आतल्या ओलाव्याने बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डीएनए तुटत जातो. डागाच्या शेजारच्या स्वच्छ जागेवरूनही एक बोळा घ्यायचा, म्हणजे फरशीवर आधीपासून काय होतं ते प्रयोगशाळेला कळतं. प्रत्येक वस्तूला हातमोजे नवे. मग पाकिटावर क्रमांक, जागा, वेळ, पंचांच्या सह्या, लाखेचं सील आणि सीलच्या नमुन्याची नोंद पंचनाम्यात. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतून ते पाकीट कधी निघालं, कुणी नेलं, प्रयोगशाळेत कुणी घेतलं, सील शाबूत होतं का, याची एकही कडी तुटली तर बचावाचा वकील तिथे बोट ठेवणार, आणि ते त्याचं कामच आहे.

या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींवर माणसाचं आयुष्य कसं टांगलेलं असतं, याचं उदाहरण त्याच प्रकरणात आहे. घरमालकांच्या, म्हणजे मुलीच्या आई-वडिलांच्या, दवाखान्यात काम करणाऱ्या एका सहाय्यकाच्या खोलीतून जांभळ्या रंगाचा उशीचा अभ्रा जप्त झाला होता. हैदराबादच्या डीएनए केंद्राच्या २००८ च्या अहवालात त्या अभ्र्यावर गच्चीवर मारल्या गेलेल्या माणसाचा डीएनए असल्याचं लिहिलं होतं. मृताचं रक्त तिसऱ्याच माणसाच्या खोलीत! ही ओळ खरी असेल तर सगळं प्रकरण वेगळ्या दिशेला जातं. सीबीआयचं म्हणणं पडलं की ही टंकलेखनातली चूक, दोन अभ्र्यांची वर्णनं एकमेकांच्या जागी पडली, आणि २०११ मध्ये केंद्राने तसं स्पष्टीकरण दिलं. वस्तू जप्त करताना तिचा जवळून घेतलेला फोटो, पाकिटाचा फोटो, अहवालात तोच क्रमांक, एवढं सगळं चोख असतं तर वाद एका मिनिटात मिटला असता. तसं नव्हतं, म्हणून तो वर्षानुवर्षं चालला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्या अभ्र्यावर आपापले निकाल लिहून टाकले, आणि त्यातल्या कुणीही ते पाकीट पाहिलेलं नव्हतं.

‘रक्त सापडलं’ ही बातमीतली आणखी एक फसवी ओळ. घटनास्थळी ल्युमिनॉल हे रसायन फवारलं आणि निळसर चमक आली की रक्त ‘असू शकतं’, एवढाच त्याचा अर्थ. ब्लीचिंग पावडर, तांबं, काही भाज्यांमधली द्रव्यं, यांनीही चमक येते. फेनॉल्फ्थॅलिनने गुलाबी रंग आला तरी ती प्राथमिकच चाचणी. त्यानंतर रक्त माणसाचं की जनावराचं ते ठरवायचं, मग डीएनए. शिवाय ज्या घरात माणसं राहतात तिथे त्यांचा डीएनए सापडणारच. आईच्या कपड्यावर मुलीचं रक्त सापडलं तर ती मुलीला कवटाळून रडली, एवढंही त्याचं कारण असू शकतं. डाग कुणाचा यापेक्षा तो कुठे, कोणत्या आकाराचा, कशावर कसा पडला हे जास्त बोलतं. वरून थेंब पडला तर गोल, तिरका उडाला तर लांबट. शेपूट ज्या दिशेला, त्या दिशेने तो गेलेला. हे फोटोतच टिकतं. फडकं फिरल्यावर काही उरत नाही.

आता लोकांच्या सर्वात आवडत्या तर्काकडे येऊ. घर आतून बंद होतं, आत चार माणसं, दोन मेली, दोन, म्हणजे मुलीचे आई-वडील, उरली, म्हणजे उरलेल्यांनीच. ऐकायला हे वजाबाकीसारखं बिनचूक वाटतं, आणि सत्र न्यायालयात सरकार पक्षाची सगळी मदार याच वजाबाकीवर होती. पण वजाबाकी बरोबर यायची तर आधी ‘घर बंद होतं’ हे पक्कं व्हायला हवं. त्या फ्लॅटला बाहेर लोखंडी जाळीचं दार, मधे जाळीदार दार, मग लाकडी दार. शिवाय नोकराच्या खोलीला दोन दारं, एक घरात उघडणारं आणि एक बाहेरच्या बोळात. त्या खोलीतल्या माणसाने रात्री कुणाला आत घेतलं असेल, तर कुठलंही कुलूप न तोडता बाहेरचा माणूस घरात येऊ शकत होता. सकाळी कामवालीने बेल वाजवली तेव्हा कोणतं दार कसं लागलेलं होतं, यावर सगळं ठरणार होतं. आणि तिने न्यायालयात उलटतपासणीत सांगितलं की आपल्याला जे समजावलं गेलं तेच आपण सांगतो आहोत.

कायदाही वजाबाकी इतक्या सहज करू देत नाही. घराच्या चार भिंतींत खून झाला तर आतल्या माणसांनी काय घडलं ते सांगायला हवं, हे तत्त्व आहे. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते कलम १०६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १०९ मध्ये आहे. २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठसठशीतपणे मांडलं. पण हा भार आरोपीवर नंतर येतो. आधी सरकार पक्षाने पायाभूत गोष्टी सिद्ध करायच्या: त्या वेळी घरात हीच माणसं होती आणि दुसरं कुणी येऊ शकत नव्हतं. परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी पुण्याच्या एका प्रकरणातून आलेली आहे, शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. न्यायालयाने तिथे पाच अटी सांगितल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ती आरोपीच्या दोषाशीच जुळायला हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दुसरी कुठलीही शक्यता तिने बाद करायला हवी. आणि सगळ्या कड्या मिळून साखळी अखंड हवी. तर्काला यातली एकही अट लागू नसते. तर्काला ‘पटतंय’ एवढं पुरतं.

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. के. नारायण आणि न्यायमूर्ती अरविंद कुमार मिश्रा यांनी आई-वडिलांना सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेली जन्मठेप रद्द केली. बाहेरच्या माणसाच्या येण्याची शक्यता बाद झालेली नाही, साखळी तुटलेली आहे, संशयाचा फायदा द्यावा लागेल, असा तो निकाल होता. न्यायमूर्ती मिश्रांनी स्वतंत्रपणे लिहिताना सत्र न्यायालयाच्या पद्धतीवर कठोर शब्द वापरले: काही गोष्टी गृहीत धरून गणित सोडवणाऱ्या शिक्षकासारखं, आणि विखुरलेल्या घटनांना एकसंध रूप देणाऱ्या सिनेदिग्दर्शकासारखं काम तिथे झालं, अशा अर्थाचे. न्यायाधीशाच्या आसनावरून ही चूक होऊ शकते, तर हातात फक्त बातमीचा तुकडा असलेल्या माणसाकडून ती होणं किती सोपं आहे!

हत्याराचंही तसंच. आधी कुकरी, मग गोल्फची काठी आणि शस्त्रक्रियेचं धारदार पातं. जखमेवरून हत्याराचा प्रकार सांगता येतो: धारेची की बोथट, जड की हलकी, साधारण किती रुंद. अमुकच वस्तू होती असं क्वचितच म्हणता येतं. त्यासाठी ती वस्तू मिळायला हवी, तिच्यावर रक्त हवं, आणि ती डॉक्टरांना दाखवून जखमेशी ताडायला हवी. अठरा लाख माणसांनी ‘गोल्फची काठी’ म्हटलं, तरी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलेली एक काठी त्यापेक्षा जास्त किमतीची असते.

फोन आणि इंटरनेटच्या नोंदींवर आजकाल लोकांचा फार विश्वास. त्या रात्री घरातलं इंटरनेटचं यंत्र अधूनमधून सुरू-बंद झालेलं दिसत होतं, म्हणजे कुणीतरी जागं होतं, असा तर्क झाला. पण तसंच सुरू-बंद दुसऱ्या दिवशी, घर पोलिसांनी भरलेलं असतानाही नोंदलं गेलेलं होतं. वीज खालीवर झाली, जोडणी तुटून पुन्हा जुळली, तरी नोंद होते. मोबाईल टॉवरची नोंद माणूस कोणत्या परिसरात होता ते सांगते, कोणत्या खोलीत ते नाही; शहरात एकाच जागेवरून दोन-तीन टॉवर आळीपाळीने पकडले जातात. कॉलच्या नोंदी कंपन्यांनी आता दोन वर्षं ठेवायच्या असतात, पण इमारतीच्या कॅमेऱ्याचं चित्रण पंधरा दिवसांत, महिन्यात नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी रेकॉर्डर ताब्यात घ्यायचा, आणि घेताना त्याच्यावरची वेळ व खरी वेळ दोन्ही लिहून ठेवायच्या. सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं दहा-पंधरा मिनिटं, कधी तासभरही चुकलेली असतात. हा फरक नोंदला नाही तर निरपराध माणूस खुनाच्या वेळी जिन्यात ‘दिसतो’. सोसायटीच्या गटावर तो तुकडा आधीच फिरला असेल, तर घड्याळ चुकलं होतं हे पुढे कितीही सांगितलं तरी त्याच्याकडे बघणाऱ्या नजरा बदलत नाहीत.

तर्काने तपासाचं थेट नुकसान कसं होतं, ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. जाणता तपास अधिकारी एखादा तपशील मुद्दाम बाहेर येऊ देत नाही. समजा, मृताच्या पायातली एकच चप्पल गायब होती. हे फक्त मारणाऱ्याला माहीत. कुणी कबुली दिली तर ती खरी की मारहाणीने, भीतीने, प्रसिद्धीच्या हव्यासाने दिलेली, हे त्या एका चपलेवरून कळतं. चपलेचा फोटो मोबाईलवर फिरला की ती कसोटी संपली. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. तिच्यातून एखादी वस्तू शोधून निघाली तर तेवढाच भाग चालतो. जुन्या कायद्यात ते कलम २७, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मधलं परंतुक. वस्तू कुठे आहे हे गावाला आधीच माहीत असेल, तर त्या ‘शोधा’ला काय किंमत राहणार? ओळख परेडचंही तेच. संशयिताचा फोटो साक्षीदाराने आधी पाहिला असेल, तर परेडमध्ये तो माणसाला ओळखतो की फोटोला, हे कुणालाच सांगता येत नाही, त्यालाही नाही. आठवण तशीच असते. शेजारणीने रात्री अडीचला आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने बारा वाजताच्या खुनाची चर्चा वाचली. आठवडाभराने तिला प्रामाणिकपणे वाटायला लागतं की आवाज बाराच्या सुमाराचा होता. म्हणून साक्षीदारांचे जबाब पहिल्या दिवशी, वेगवेगळं बसवून घ्यायचे.

पोलीसच जेव्हा तर्क करायला लागतात, तेव्हा त्याहून वाईट होतं. २३ मे २००८ रोजी वडिलांना अटक झाली, आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषदेत मुलीच्या आणि त्या मारल्या गेलेल्या माणसाच्या चारित्र्यावर सगळ्या देशासमोर शिंतोडे उडवले. बोलताना मुलीचं नावही चुकीचं घेतलं. दुसऱ्या दिवशी, २४ मेला, ती चौदा वर्षांची झाली असती. त्या पत्रकार परिषदेतलं बोलणं पुराव्यावर उभं नव्हतं, पण देशाच्या डोक्यात प्रकरणाचा आराखडा त्या दिवशी पक्का झाला. पुढे आईची मुलाखत दाखवली गेली तेव्हा लोक तिच्या डोळ्यांत पाणी शोधत बसले आणि ते सापडलं नाही म्हणून तिला दोषी ठरवून मोकळे झाले. शोक प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी हंबरडा फोडतो, कुणी दगड होतो, कुणी पाहुण्यांना चहा विचारत राहतो. आपल्या घरांतल्या मयतींत आपण हे सगळे प्रकार पाहिलेले असतात. तरी परक्याच्या घरी आपल्याला अश्रूंचा पुरावा लागतो.

मग तपास सीबीआयकडे गेला आणि संशयाचा काटा उलटा फिरला. वडील जुलैमध्ये जामिनावर सुटले, आणि तीन कामगार, घरांत आणि दवाखान्यात काम करणारे, आत गेले. त्यांच्या नार्को चाचण्या झाल्या, आणि गुंगीत बोललेल्या वाक्यांचं चित्रण वाहिन्यांवर दाखवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, आणि चाचणीतलं बोलणं पुरावा म्हणून वापरता येणार नाही. गुंगीतला माणूस प्रश्नातलंच उत्तर परत देतो, कल्पना आणि आठवण मिसळतो. त्या तिघांवर आरोपपत्र दाखल झालं नाही. पण ते ज्या वस्तीत परत गेले, तिथल्या लोकांनी ते चित्रण पाहिलेलं होतं. सीबीआयने डिसेंबर २०१० मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने तो नाकारून त्यावरच खटला चालवायचं ठरवलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये आई-वडिलांना जन्मठेप झाली. मुळात पुरेसा पुरावा नाही असं सांगणारा कागदच आरोपाचा आधार झाला.

मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलाखा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात माध्यमांसाठी जी बंधनं सांगितली, ती आज प्रत्येकाने वाचावीत असं मला मनापासून वाटतं, कारण आता प्रत्येकाच्या हातात वाहिनी आहे. घटनास्थळाचं नाट्यरूपांतर करू नये, मृताच्या चारित्र्याबद्दल बोलू नये, कबुली पुराव्यासारखी दाखवू नये, ओळख परेडला बाधा येईल असे फोटो छापू नयेत, तपासातली गोपनीय माहिती फोडू नये. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुठल्या तरी खटल्यात झालेलं नुकसान आहे. मूल बळी पडलं असेल तर त्याची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृताची बदनामी हीसुद्धा बदनामी ठरते, जर ती घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. फॉरवर्ड करणाऱ्यालाही यातून वेगळी सूट नाही.

तपासाची रीत थोडी सुधारलीही आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आणि चित्रण करायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचंही कलम १०५ नुसार चित्रण करायचं आहे. उशीच्या अभ्र्याचा घोळ अशा चित्रणात दोन मिनिटांत सुटला असता. तरी तज्ज्ञ पोहोचेपर्यंतचे दोन-तीन तास कायद्याच्या हातात नसतात. ते दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या आणि जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांच्या हातात असतात. अशा घराजवळ आपण असलो तर आत जाऊ नये. आत गेलेलो असलो तर कशाला हात लावला, कुठला नळ सोडला, कुठल्या खुर्चीवर बसलो, ते लपवू नये. आपल्या बोटांचे ठसे दाराच्या कडीवर असणारच, ते आधीच सांगितलं तर तपासातून बाजूला काढता येतात. फोनमध्ये फोटो घेतला असेल तर तो पुसू नये, पाठवूही नये. मूळ फाईल तपास अधिकाऱ्याला द्यावी, कारण पुढे पाठवल्यावर तिच्यातली वेळ आणि जागेची माहिती गळून पडते. काही ऐकलं असेल तर त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावं, कुणाशी बोलायच्या आधी.

आणि घरात कुणी ‘गायब’ असेल, तर तो पळाला असं म्हणण्याआधी तो कुठे पडलेला असू शकतो ते बघावं. गच्ची, टाकी, माळा, विहीर. घरकाम करणारा, राखण करणारा, परगावचा, परदेशचा माणूस अशा वेळी सर्वात आधी गुन्हेगार ठरतो, कारण त्याच्या बाजूने बोलायला त्या जिन्यात कुणी उभं नसतं. नोएडातल्या त्या माणसाचं घर नेपाळात होतं. पहिल्या दिवशी तो खुनी होता, दुसऱ्या दिवशी मृत, आठवड्याभरात त्याच्या नावावर एक घाणेरडी गोष्ट चिकटवलेली होती, आणि मग हळूहळू प्रकरणाच्या नावातूनही तो गळायला लागला. चर्चा मुलीची आणि आई-वडिलांची झाली. त्याच्या मृत्यूला जणू वेगळा जाब विचारायचाच नव्हता.

उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सीबीआयचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं २०१८ मध्ये. पण त्यांच्याही आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, एक अपील तिथे दाखल झालं होतं. ते त्याच्या विधवा पत्नीचं होतं. आई-वडिलांनी मारलं नाही असं न्यायालय म्हणत असेल, तर माझ्या नवऱ्याला कुणी मारलं, एवढंच तिला विचारायचं होतं.